मोठे टायर, दणकट एक्सल: आधी हिशेब, मग खरेदी

नाशिकच्या जीपवाल्यांचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी मोठे टायर येतात. ते फेंडरला घासतात म्हणून गाडी उंच करणारं लिफ्ट किट येतं. मग एक चाक हवेत गेलं की गाडी जागच्या जागी चाक फिरवत बसते, म्हणून एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा लॉकर बसतो. आणि पुढच्या पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूच्या एखाद्या दगडी ओढ्यात खालून ‘कट्ट’ असा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, “दादा, मोठा एक्सलच टाकून घ्या, कटकट मिटेल.”

कटकट मिटत नाही, पुढच्या पार्टवर सरकते. एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) जाड केला की ताण क्राउन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधल्या मोठ्या-लहान गिअरच्या) दातांवर जातो, ते सांभाळले की एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर), तोही भक्कम केला की पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर. त्यामुळे एक्सल निवडताना पहिला प्रश्न ‘सगळ्यात दणकट कुठला’ हा नाही. काही तुटलंच तर ते कुठे तुटावं, आणि ते हर्सूलच्या पुढे जंगलात, चिखलात गुडघे टेकून बदलता येईल का, हा आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच प्रश्नासाठी आहेत.

पहिली पायरी: गाडीखाली जा आणि लिहून काढा

पुढे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं एकाच कवचाने जोडलेली) आहे की इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र), हे सर्वात आधी. जिप्सी, जिम्नी आणि गुरखाला पुढेमागे सॉलिड एक्सल आहे. २०२० नंतरच्या थारला मागे सॉलिड, पुढे डबल विशबोन, म्हणजे इंडिपेंडंट. आपल्याच नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी म्हणून इथे थारची गर्दी जास्त, आणि म्हणून गैरसमजही जास्त. थारच्या पुढच्या बाजूला ‘मोठा एक्सल टाकणं’ म्हणजे पूर्ण सस्पेन्शन, स्टीअरिंग आणि चेसिसचे माउंट बदलणं. ते वेगळंच प्रकरण आहे. थारवाल्यांनी पुढे सीव्ही शाफ्टचा (सांधे असलेल्या चाकाच्या शाफ्टचा) विचार करावा आणि लिफ्ट आटोक्यात ठेवावी, कारण उंची वाढली की सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो आणि जॉइंट आधी तिथेच दम सोडतो.

मग फायनल ड्राइव्हचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे. पुस्तकात मिळाला तर उत्तम. जुन्या जीपमध्ये कोणी कधी काय बदललंय याचा भरवसा नाही, तिथे स्वतः मोजा. गाडी टू-व्हीलमध्ये, गिअर न्यूट्रल, मागचं एक चाक जमिनीवर आणि दुसरं जॅकवर. पुढच्या चाकांना ओट लावा, चेसिसखाली स्टँड द्या. हवेतल्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे होतील, तोच रेशो. डिफरन्शियल उघडलेलंच असेल तर दात मोजा: क्राउनचे ४३ आणि पिनियनचे ८ असतील तर ५.३८, ३९ आणि ८ असतील तर ४.८८.

पुढचा आणि मागचा रेशो एकच असला पाहिजे. पार्ट-टाइम (गरजेपुरतीच चारही चाकं जोडणाऱ्या) फोर-बाय-फोरमध्ये यात फरक पडला तर फोर-व्हील लावल्यावर कोरड्या रस्त्यावर किंवा पकड असलेल्या दगडावर ट्रान्सफर केस स्वतःशीच भांडायला लागतो.

दुसरी पायरी: टायरचा खरा आकार

टायरवरचा आकडा मिलिमीटरमध्ये उलगडा. जिम्नीचा १९५/८० आर१५ म्हणजे साधारण ६९३ मिमी, सव्वासत्तावीस इंच. जिप्सीचा २०५/७० आर१५ साधारण ६६८ मिमी. थारचा २५५/६५ आर१८ मुळातच ७८९ मिमी, म्हणजे ३१ इंच. त्यामुळे थारला ३३ इंची टायर ही दोन इंचांची वाढ आहे आणि जिप्सीला तीच पावणेसात इंचांची. मित्राच्या थारला चालले म्हणून जिप्सीला तेच टायर लावणाऱ्याने हा आकडा आधी बघावा.

एक्सलच्या हिशेबासाठी मात्र निम्मा व्यास धरू नका. वजनाने टायर दबतो. हबच्या मध्यापासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. हवा कमी करून फिरत असाल तर त्याच हवेवर मोजा.

तिसरी पायरी: ताण किती येतो

इथे थोडं गणित आहे, पण सातवीच्या पुढचं नाही. जिम्नी मॅन्युअल घेऊ. इंजिनचा टॉर्क १३४ न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४.४२५, लो रेंज (ट्रान्सफर केसचा हळू, जोरदार गिअर) २.००२, फायनल ड्राइव्ह ४.०९०. सगळ्यांचा गुणाकार साधारण ४,८५० न्यूटन-मीटर. इंजिन एवढं देऊ शकतं. घर्षणात थोडं जातं, ते सोडून देऊ.

पण जमीन एवढं घेऊ देत नाही, चाक आधी सरकतं. समजा माणसं-सामान धरून गाडी चढावर आहे आणि मागच्या एक्सलवर ९०० किलो पडलेत. कोरड्या बेसाल्टवर पकडीचा गुणांक ०.८ धरला तर जमिनीवरचा जोर सुमारे ७,०६० न्यूटन. कंपनीच्या टायरला हबची उंची ०.३३ मीटर, म्हणून मागच्या दोन्ही शाफ्टवर मिळून २,३३० न्यूटन-मीटर. ओपन, म्हणजे लॉकर नसलेलं डिफरन्शियल दोघांना सारखंच वाटतं, म्हणजे एकेका शाफ्टला १,१६५.

आता ३० इंची टायर लावा. हबची उंची ०.३६५ झाली. एकूण ताण २,५८०, एकेका शाफ्टला १,२९०. वाढ झाली दहा-अकरा टक्के. एवढ्याने चांगल्या स्थितीतला शाफ्ट सहसा तुटत नाही.

आता लॉकर लावा आणि एक चाक हवेत जाऊ द्या. सगळं वजन दुसऱ्या चाकावर, सगळा ताणही त्याच्याच शाफ्टवर: २,५८०. मूळच्या दुपटीहून जास्त. टायरने दहा टक्के वाढवले, लॉकरने दुप्पट केलं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मा खर्च वाचतो. ओपन डिफरन्शियलवर थोडे मोठे टायर लावणाऱ्याला नवा एक्सल विकणारा माणूस तुम्हाला गरज नसलेली वस्तू विकतोय. आणि लॉकर लावून जुनेच शाफ्ट ठेवणाऱ्याला कोणी सावध करत नाही.

या गणितात झटका धरलेला नाही. हवेत जोरात फिरणारं चाक अचानक दगडावर टेकलं की त्या जड टायरमध्ये साठलेला सगळा वेग एका क्षणात शाफ्टमध्ये उतरतो. मोठा मड-टेरेन टायर आणि लोखंडी रिम यांचं वजन इथे नडतं. म्हणून चालवणाऱ्याचा उजवा पायसुद्धा या हिशेबात धरा. चाक उड्या मारायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडणारा माणूस साध्या एक्सलवरही वर्षानुवर्षं फिरतो.

चौथी पायरी: तुम्ही फिरता कुठे

इगतपुरी-घोटीकडचा भातखाचरांचा चिखल शाफ्टला फारसा त्रास देत नाही, कारण चाक सरकत राहतं. तिथे मरतात ते ऑइल सील, बेअरिंग आणि ब्रेक. सिन्नरच्या बाजूचा सुका मुरूमही सोपा. खरा शत्रू आपला काळा कातळ. पेठ-सुरगाण्याच्या ओढ्यांमध्ये पाणी ओसरल्यावर उघडे पडलेले मोठे धोंडे, त्यात वळवलेलं स्टीअरिंग, लो रेंज आणि पूर्ण पकड. पुढचे जॉइंट तुटतात ते बहुतेक तिथेच, स्टीअरिंग पूर्ण कापलेलं असताना. त्या कोनात क्रॉसवरचा ताण वाढतो आणि योकचे (क्रॉस धरणाऱ्या फाट्याचे) कान उघडायला लागतात.

त्यामुळे महिन्यातून एकदा गंगापूर धरणाच्या बाजूला चिखल उडवणाऱ्याला आणि दर रविवारी ओढ्यात दगडांवर चढणाऱ्याला एकच सल्ला देता येत नाही.

पाचवी पायरी: फक्त शाफ्ट की पूर्ण एक्सल

माझा ठोकताळा असा. जिप्सी-जिम्नीसारख्या हलक्या गाडीला २९ इंचापर्यंत टायर आणि ओपन डिफरन्शियल: काही बदलू नका, बेअरिंग, सील आणि क्रॉस ताजे ठेवा. ३० ते ३१ इंच आणि लॉकर: चांगल्या स्टीलचे शाफ्ट आणि पुढे भक्कम जॉइंट. ३३ आणि लॉकर: इथे मोठं हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) आणि मोठं क्राउन व्हील लागतं, नुसत्या शाफ्टने भागत नाही. ३५ लॉकरसह हलक्या जीपला डाना कंपनीच्या ‘डाना ४४’ च्या दर्जाचा एक्सल उत्तम शाफ्ट घालून चालतो. जड गाडीला मात्र त्याहून मोठ्या डाना ६० चा विचार करावा लागतो. उलट जिम्नीखाली डाना ६० घालणं म्हणजे मुंगीला मेरू पर्वत. वजन वाढतं, सस्पेन्शन धडधडतं, आणि ३० इंची टायरने जे ३५ मिमी ग्राउंड क्लिअरन्स कमावलं त्यातलं बरंचसं डिफरन्शियलचा मोठा गोळाच खाऊन टाकतो.

शाफ्ट बनवून घ्यायचा मोह नाशिकमध्ये जास्त होतो. सातपूर-अंबडला लेथ आहेत, हीट ट्रीटमेंट आहे, गिअर कापणारे आहेत, ओळखीचा कोणीतरी असतोच. मोह वाईट नाही, पण चार गोष्टी धरून बसा.

मटेरियल ईएन२४ मागा, ते ४३४० या क्रोमोलीच्या तोडीचं आहे. ईएन८ हे साधं मध्यम कार्बन स्टील. त्याचा शाफ्ट कंपनीच्या शाफ्टपेक्षा चांगला होईल याची खात्री नाही, कारण कंपनीचा शाफ्ट इंडक्शन हार्डन केलेला असतो: वरचा थर कडक, गाभा चिवट. बार कुठून आला त्याचं टेस्ट सर्टिफिकेट बघा. हीट ट्रीटमेंटनंतर कडकपणा मोजलेला रिपोर्ट घ्या आणि शाफ्ट सरळ आहे का, हे सेंटरमध्ये धरून डायल गेजने तपासून घ्या. स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे लांब दात) शक्यतो रोल केलेले, म्हणजे दाबून उठवलेले असावेत. कापलेल्या स्प्लाइनच्या मुळाशी धारदार कोपरा राहतो आणि भेग तिथूनच सुरू होते.

चौथी गोष्ट बहुतेक टर्नरना उलटी वाटते. शाफ्टचा मधला भाग स्प्लाइनच्या मुळापेक्षा जाड ठेवू नका. मधला भाग थोडा बारीक असला की शाफ्ट पूर्ण लांबीत पिळला जातो आणि झटका पचवतो. मधला भाग जाड ठेवला तर सगळा पीळ स्प्लाइनच्या इंचभर लांबीत गोळा होतो आणि तिथेच तुकडा पडतो. “जाड ठेवलं तर मजबूतच ना?” असं लेथवाला विचारेलच. ड्रॉइंग हातात ठेवा.

सहावी पायरी: पूर्ण एक्सल घ्यायचाच असेल तर काय बघायचं

क्राउन व्हीलचा व्यास आणि शाफ्टची जाडी हे दोन आकडे आधी. डाना ३० चं क्राउन ७.२ इंच, डाना ४४ चं ८.५, डाना ६० चं ९.७५. शाफ्टची पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. ३० स्प्लाइनचा १.३१ इंची शाफ्ट आणि ३५ स्प्लाइनचा १.५ इंची शाफ्ट यांत जाडीचा फरक १५ टक्के, ताकदीचा ५० टक्के. स्टील तेच धरून.

जुन्या जीपवाल्यांसाठी एक सूचना. सीजे-३बी घराण्यातल्या जीपला मागे डाना ४४ असतो हे खरं, पण त्यात १० किंवा १९ स्प्लाइनचे जुने शाफ्टही सापडतात. ‘४४ आहे’ एवढं ऐकून खूश होऊ नका, झाकण काढून स्प्लाइन मोजा. शिवाय या जीपचा मागचा डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे सरकलेला असतो, कारण ट्रान्सफर केसमधून शाफ्ट तिकडूनच निघतो. मधोमध गोळा असलेला एक्सल आणलात तर प्रोपेलर शाफ्ट तिरका बसेल.

सेमी-फ्लोटिंग की फुल-फ्लोटिंग? ट्रक-टेम्पोच्या मागच्या चाकाच्या मधोमध बोल्टांनी आवळलेली गोल प्लेट दिसते, ते फुल-फ्लोटिंग. तिथे गाडीचं वजन हब आणि हौसिंगवर असतं, शाफ्टने फक्त फिरवायचं. शाफ्ट तुटला तर बोल्ट काढून तुकडे उपसायचे आणि पुढच्या चाकांवर घरी यायचं. सेमी-फ्लोटिंगमध्ये वजनही शाफ्टवरच. तो बाहेरच्या टोकाला तुटला तर चाकच बाहेर यायला बघतं. पैसे पुरत असतील तर मी क्राउनच्या एका मापाने लहान पण फुल-फ्लोटिंग एक्सल घेईन.

पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या वर आहे की खाली, हेही बघा. साध्या, खाली पिनियन असलेल्या डिफरन्शियलमध्ये पुढे जाताना दातांची भक्कम बाजू काम करते, ते मागच्या एक्सलला ठीक. तोच पुढे लावला तर पुढे जाताना दातांची कमजोर बाजू ताण घेते. म्हणून पुढच्या एक्सलला वर पिनियन असलेलं, उलट कापलेलं गिअर मिळालं तर सोडू नका. आणि मागच्या एक्सलवर रिव्हर्समध्ये दगडावर जोर लावायचा मोह टाळा, कारण तेव्हा तिथेही कमजोर बाजूच पुढे येते.

सातवी पायरी: वापरलेला एक्सल तपासणं

घाई इथेच महाग पडते. शाफ्ट उपसून स्प्लाइनवर खडूने सरळ रेघ ओढा. दात रेघेपासून वळलेले दिसले तर शाफ्ट एकदा पिळून झालाय, तो भंगारात. हौसिंग दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने वाक बघा. आडगाव नाक्याच्या बाजूला ट्रकची कामं करणाऱ्यांना ही तपासणी नवी नाही. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकीजवळ, ट्यूब आणि गोळ्याच्या जोडाशी जुनं वेल्डिंग, रंगाखालच्या भेगा शोधा. शंका असेल तर लाल डाय आणि पांढरी डेव्हलपर पावडर मारून घ्या. भेग असेल तर दहा-पंधरा मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. वेल्डिंगने हौसिंगला वरून ट्रस लावणार असाल तर थोडं थोडं, आलटून-पालटून, थंड होऊ देत वेल्ड करा. नाहीतर मजबुतीसाठी आणलेली पट्टीच हौसिंगचा धनुष्य करते.

आठवी पायरी: रेशो

जुना रेशो गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास. जिम्नीला ३० इंची टायर: ४.०९ × ७६२ ÷ ६९३ = साधारण ४.५०. त्याच्या जवळचा जो सेट मिळेल तो. फार पुढे जाऊ नका. रेशो जितका मोठा तितकं पिनियन लहान, दात कमी आणि कमजोर.

नववी पायरी: एक्सलबरोबर येणारं लचांड

बोल्टचा पीसीडी, म्हणजे चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास (जिप्सी आणि जिम्नीला ५ बोल्ट, १३९.७ मिमी), एक्सलची रुंदी, पाट्यांची किंवा लिंकची बैठक, पिनियनचा कोन, ब्रेक पाइपची लांबी. मोठ्या टायरला थांबवायला जास्त जोर लागतो, त्यामुळे ब्रेक लहान झाले तर सगळं व्यर्थ. जिम्नी आणि थारमध्ये घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून पकड देणारी यंत्रणा आहे, ती चाकाच्या वेगाच्या सेन्सरवर चालते. नव्या एक्सलला सेन्सरची रिंग बसत नसेल तर एबीएस आणि ही मदत दोन्ही जातात. डॅशबोर्डवरचे दिवे पेटलेले राहतात ते वेगळंच.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खर्च करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा. रस्त्यावर न धावणारी, ट्रेलरवरून नेली जाणारी गाडी हा अनेकांनी निवडलेला मार्ग आहे.

बसवल्यावर

क्राउन-पिनियन बसवणारा माणूस मार्किंग पेस्ट लावून दातांचा ठसा दाखवत नसेल तर गाडी दुसरीकडे न्या. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर मोजलेला हवा. डाना ४४ ला तो ०.१३ ते ०.२३ मिमीच्या आसपास असतो, तुमच्या एक्सलला मॅन्युअलमध्ये असेल तो. ‘हाताने हलवून बघितलं, बरोबर आहे’ हे उत्तर नाही. तेल जीएल-५ प्रतीचं. पहिल्यांदा वीसेक मिनिटं हलक्या हाताने चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पहिले ८०० किमी ट्रेलर ओढू नका, मग तेल बदला. त्या तेलात बारीक चकाकी असणारच, पण नखाला टोचणारा कण निघाला तर झाकण परत उघडा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर यू-क्लॅम्प पुन्हा आवळा आणि गाडी थांबवल्याबरोबर चारही हबजवळ हात नेऊन बघा. एकच हब इतरांपेक्षा गरम असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय.

सोबत न्यायचं: दोन्ही बाजूंचे एकेक शाफ्ट, क्रॉस, सर्क्लिप, सील, दोन लिटर तेल आणि हबच्या नटाचा सॉकेट. पुढचा शाफ्ट तुटला आणि हबचं बेअरिंग बंद युनिटचं असेल, तर तुकडा काढून तसंच निघू नका. त्या बेअरिंगला शाफ्टचं बाहेरचं टोक आणि नट यांनीच आवळून धरलेलं असतं. जॉइंट सोडवा, बाहेरचं टोक परत हबमध्ये घाला, नट ठरलेल्या टॉर्कला आवळा, ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये टाका आणि मगच घाट उतरायला लागा.